पाट कोणीं मोजले?

आमचें लहानपण वाईस गेलें. घर एकत्र कुटुंबाचें. सणासुदीस पंचवीस आणि एरवीं सोळा-सतरा माणसें तरी पानावर असतच. स्वयंपाक तयार झाला म्हणजे आमची आजी माजघराच्या उंबरठ्यावर येऊन उभी राही आणि एकच हांक मारी, "पानें वाढलीं हो!" एवढेंच. ती कोणाचें नांव घेत नसे, कोणास उद्देशून बोलत नसे, आणि कोण कोठें आहे याची चौकशीहि करीत नसे. परंतु त्या एका हांकेनें सारें घर हालूं लागे. आजोबा वर्तमानपत्राची घडी घालून सोवळें नेसावयास उठत. वडील कचेरीचे कागद आवरीत. आम्ही मुलें दप्तरें कोपऱ्यांत लोटून हातपाय धुवावयास विहिरीकडे धांवत असूं. काकू तुपाचें भांडें खालीं काढी, थोरली बहीण पाण्याचे तांबे भरी. हांक एक, परंतु ती ऐकून जो तो आपापलें काम करी, आणि कोणाचें काम काय हें आजीनें हांकेंत सांगण्याचें कारण नसे. घरांत पाहुणा येवो कीं नवी सून येवो, आजीच्या हांकेंत एका अक्षराचा फरक पडत नसे. पाहुण्यानें ती ऐकावी व पाटावर येऊन बसावें. सुनेनें ती ऐकावी व वाढावयास उभें राहावें.

पुढें आम्ही पुण्यास शिकलों आणि पोटासाठीं संगणकाच्या धंद्यांत शिरलों. तीस-पस्तीस वर्षें आम्हीं जें काम केलें तें थोडक्यांत सांगावयाचें तर संगणकाच्या पडद्यावर दिसणारीं बटणें, सरकपट्ट्या, आंकड्यांच्या चौकटी आणि खिडक्या बांधण्याचें. या धंद्यांत एक युक्ति आहे. तिची हकीकत प्रथम वाचली तेव्हां आम्हांस माजघराच्या उंबरठ्यावरची आजीच डोळ्यांपुढें दिसली. त्या युक्तीविषयीं चार शब्द लिहावे, आणि तिच्याच संबंधांत आमच्या हातून घडलेली एक चूक, जी आम्ही पुष्कळ वर्षें कोणाजवळ बोललों नाहीं, तीहि सांगून मोकळें व्हावें, असा आजच्या लेखाचा हेतु आहे. वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें याच धंद्यांत आहेत. त्यांस यांतील यंत्राचा भाग नवा वाटणार नाहीं. परंतु माणसांचा भाग त्यांनींहि वाचावा अशी इच्छा आहे.

पडद्यावर एक बटण आहे असें समजा. कोणीं तरी तें दाबलें; आतां पुढें कांहीं तरी घडावयास पाहिजे. पत्र धाडलें जावें, किंवा चित्र मोठें व्हावें. पण काय घडावयाचें हें बटणास कळावें कसें? यासाठीं जुनी रीत 'कॉलबॅक'ची. तींत बटण तयार करतांनाच त्याच्या हातीं एका कामाचा पत्ता देऊन ठेवावयाचा, "तुला कोणीं दाबलें कीं या पत्त्यावर जा." रीत सोपी आणि जलद; आजहि ती पुष्कळ ठिकाणीं चालू आहे. परंतु त्या काळच्या सी व सी प्लस प्लस या भाषांतून ती वापरतांना दोन अडचणी येत. पत्त्यावर पोंचल्यावर तेथें आपणांस हवें तेंच काम आहे कीं भलतेंच, आणि आपण नेलेली माहिती त्या कामास उपयोगी आहे कीं नाहीं, याची खात्री आधीं करून घेतां येत नसे. दुसरें असें कीं, पत्त्यावरील गृहस्थ मध्यंतरीं नाहींसा झाला असला तरी बटण बापडें तेथेंच जाऊन दार ठोठावी, आणि सारा कार्यक्रम कोसळून पडे. आमच्या आजीनें हांक न मारतां प्रत्येकाच्या खोलीचा पत्ता पाठ करून घरभर हिंडावें, आणि एखाद्याची खोली बदलली कीं तिनें भिंतीवर आपटावें, तशांतलाच तो प्रकार.

या अडचणींवर एक सुरेख तोड नॉर्वे देशांत निघाली. 'वस्तु' या कल्पनेवर कार्यक्रम रचण्याची रीतच मुळीं त्या देशांतली. ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड या दोघांनीं १९६० नंतरच्या दशकांत ऑस्लो येथें 'सिम्युला' नांवाची भाषा तयार केली, तेथून ती जगभर पसरली. त्याच देशांत ट्रॉन्डहाइम या गांवीं तंत्रविद्या शिकलेले हॉवर्ड नॉर्ड आणि आयरिक चेंबे-एंग हे दोन तरुण १९९० च्या उन्हाळ्यांत अल्ट्रासाउंडच्या चित्रांचा संग्रह ठेवणाऱ्या एका कार्यक्रमावर काम करीत होते. तो कार्यक्रम युनिक्स, मॅकिंटॉश व विंडोज अशा तिन्ही जातींच्या यंत्रांवर चालावयास हवा होता. एके दिवशीं उन्हांत बाकावर बसले असतां, प्रत्येक यंत्रासाठीं निराळा पडदा बांधण्यापेक्षां सर्वांस पुरेल अशी एकच सामग्री आपण कां तयार करूं नये, अशी गोष्ट निघाली. १९९१ सालीं कामास आरंभ झाला. १९९२ सालीं चेंबे-एंग यांस 'सिग्नल आणि स्लॉट' ही कल्पना सुचली. ४ मार्च १९९४ रोजीं कंपनीची नोंदणी झाली, आणि २० मे १९९५ रोजीं सामग्रीची पहिली जाहीर आवृत्ति बाहेर पडली. तिचें नांव 'क्यूटी', पण उच्चार करावयाचा 'क्यूट'. नॉर्ड यांच्या पडद्यावरील टंकांत क्यू हें अक्षर फार देखणें दिसे म्हणून तें निवडलें, आणि टी हा टूलकिट या शब्दाचा.

आरंभीं गिऱ्हाईक मिळेपर्यंतच्या काळांत दोघांच्याहि पत्नी नोकरी करीत होत्या, आणि त्यांनीं नवऱ्यांस पोसण्याचें आनंदानें कबूल केलें, असें या सामग्रीच्या इतिहासांत नमूद आहे. हें वाक्य आम्हीं घरांत मोठ्यानें वाचून दाखविलें तेव्हां सौभाग्यवतींनीं आमच्याकडे जो कटाक्ष टाकला त्याचें वर्णन येथें करीत नाहीं. पुढें त्या कंपनीस बरे दिवस आले. १९९६ सालीं आरंभ झालेला लिनक्सवरचा 'केडीई' हा मोठा उद्योग याच सामग्रीवर उभा राहिला. घरोघरीं चित्रपट पाहण्यासाठीं वापरतात त्या 'व्हीएलसी' कार्यक्रमाची खिडकीहि हिच्यावरच बांधली आहे. २००८ सालीं कंपनी नोकियानें विकत घेतली, आणि २०१२ सालीं ही सामग्री डिजिया या फिनलंडच्याच कंपनीकडे गेली.

आतां ती युक्ति. पडद्यावरील प्रत्येक वस्तूस कांहीं हांका ठरवून दिलेल्या असतात. त्यांस सिग्नल म्हणतात. बटणाची हांक, "मला दाबलें." सरकपट्टीची हांक, "माझी किंमत बदलली, ती आतां इतकी आहे." याचप्रमाणें प्रत्येक वस्तूस कांहीं कामें करतां येतात, हांक ऐकून करावयाच्या अशा कामास स्लॉट म्हणतात. हांक देणाऱ्या वस्तूस ऐकणाऱ्याचा पत्ता नसतो, आणि ऐकणाऱ्या वस्तूसहि बहुधा हांक कोणाची याच्याशीं कर्तव्य नसतें. या दोहोंमध्यें गांठ मारणारा तिसरा असतो, तो म्हणजे कार्यक्रम लिहिणारा मनुष्य. तो एका ओळींत लिहितो, "या वस्तूची ही हांक त्या वस्तूच्या त्या कामास जोड." या क्रियेस 'कनेक्ट' म्हणतात.

नवशिक्यांस नेहमीं दाखवितात तें उदाहरण आम्हीहि देतों. पडद्यावर एक सरकपट्टी आहे आणि शेजारीं आंकड्याची एक चौकट आहे. पट्टी सरकवली कीं चौकटींतला आंकडा बदलावा, आणि चौकटींत आंकडा लिहिला कीं पट्टी आपण होऊन तेथें सरकावी, अशी इच्छा आहे. दोन गांठी मारल्या कीं काम झालें: पट्टीची हांक चौकटीच्या कामास, आणि चौकटीची हांक पट्टीच्या कामास. येथें चाणाक्ष वाचक विचारील कीं, पट्टीनें चौकटीस सांगावें, चौकटीनें पुन्हां पट्टीस सांगावें, पट्टीनें पुन्हां चौकटीस, असें हें रहाटगाडगें थांबणार केव्हां? उत्तर असें कीं, जी किंमत आपल्यापाशीं आहेच तीच कोणीं पुन्हां सांगितली तर वस्तु गप्प राहते. बदल झाला नाहीं तर हांकहि नाहीं. घरांतहि एखादी बातमी "हें मला ठाऊक आहे" म्हणणाऱ्यापाशीं येऊन थांबते, तसेंच हें.

या रीतीचे गुण उघड आहेत. एका हांकेस दहा कामें जोडतां येतात, आणि दहा हांकांस एक काम. पट्टी बांधणाऱ्यास चौकटीची माहिती नको, चौकट बांधणाऱ्यास पट्टीची नको. दोघे दोन देशांत बसून काम करोत, गांठ मारणारा तिसऱ्या देशांत असो. ऐकणारी वस्तु नाहींशी झाली तर तिची गांठ आपोआप सुटते. गेलेल्याच्या दारावर कोणी धक्के मारीत बसत नाहीं. थेट काम सांगण्यापेक्षां या रीतीस वेळ थोडा अधिक लागतो, परंतु माणसाच्या डोळ्यास तो कळण्यासारखा नसतो.

आणि या रीतीचा आणखी एक गुण असा कीं, हांक ऐकणारें कोणीच नसलें तरी बिघडत नाहीं. बटणास एकहि गांठ नसेल, तर तें हांक देतें, ती हवेंत विरते, आणि सारें शांत. तक्रार नाहीं, चूक नाहीं. हा गुणच आहे, कारण प्रत्येक वस्तूस पुष्कळ हांका असतात आणि त्यांतल्या बहुतेक कोणास नकोच असतात. परंतु याच गुणाच्या पोटांत एक मोठा दोषहि दडलेला आहे. तो आम्हांस प्रथम कळला तो संगणकावर नव्हे, वाईच्या घरांतच.

आमचे एक चुलत आजोबा होते. त्यांस सारे अण्णा म्हणत. ते कानानें ठार बहिरे होते आणि दिवसभर मागच्या सोप्यांत जपमाळ ओढीत बसत. त्यांस हांक ऐकूं येत नसे. पण तरीहि ते वेळेवर पानावर असत. एकदां आजी तिच्या माहेरच्या लग्नास दोन दिवस गेली. हांक काकूनें मारली. चांगल्या खणखणीत आवाजानें मारली. पंगत बसली, उठली, दुसरी पंगतहि झाली, उष्टीं निघालीं. दुपारीं तीनच्या सुमारास वडील सहज मागच्या सोप्यांत गेले तों अण्णा तसेच बसलेले. वडिलांस पाहून ते हंसून म्हणाले, "आज स्वयंपाकास उशीर झालेला दिसतो!" सारें घर ओशाळें झालें. काकू रडूं लागली. तिनें हांक मारली नव्हती असें थोडेंच होतें?

दुसऱ्या दिवशीं आजी परत आली आणि तिला हें कळलें. तिनें काकूस रागें भरलें नाहीं. हांक कोणीं मारली, मोठ्यानें मारली कीं हळू मारली, यांतलें तिनें कांहींच विचारलें नाहीं. तिचा एकच प्रश्न होता, "पाट कोणीं मोजले?" तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं, हांक मारल्यावर आजी लागलीच आंत जात नसे. ती उंबरठ्यावर उभी राहून पाट मोजी, आणि एक पाट रिकामा दिसला कीं आम्हां पोरांपैकीं एकास मागच्या सोप्याकडे पिटाळी. तिच्या हांकेची आम्हांस आठवण राहिली. तिच्या मोजण्याकडे कोणाचें लक्षच गेलें नव्हतें.

आतां आमची गोष्ट. २०१० सालीं आम्ही एका कंपनींत वडीलधाऱ्या जागेवर होतों, आणि आमच्या हाताखालीं चार-पांच तरुण मंडळी काम करीत. औषधांच्या एका शीतकोठारासाठीं आम्हीं एक कार्यक्रम लिहिला होता. लसी, इन्सुलिन इत्यादि माल २ ते ८ अंश सेल्सियस यांच्या दरम्यान ठेवावा लागतो. कोठारांत उष्णतामापक बसविले होते, आणि आमच्या कार्यक्रमांत एक वस्तु त्यांजवर पहारा करी. उष्णता मर्यादेबाहेर गेली कीं ती वस्तु हांक देई. त्या हांकेस तीन कामें जोडलीं होतीं: पडद्यावर तांबडी पट्टी दाखवावयाची, वहींत नोंद करावयाची, आणि पहारेकऱ्याच्या खोलींत घंटा वाजवावयाची.

त्या वेळीं क्यूटीची जी आवृत्ति आम्ही वापरीत होतों तिच्यांत गांठ मारतांना हांकेचें व कामाचें नांव निव्वळ अक्षरांच्या रूपानें लिहीत. नांव बरोबर आहे कीं नाहीं हें कार्यक्रम तयार होतांना तपासलें जात नसे. कार्यक्रम चालूं लागल्यावर त्या नांवाचा शोध घेतला जाई. नांव सांपडलें नाहीं तर कार्यक्रम थांबत नसे. गांठ बसत नसे, आणि 'असा स्लॉट नाहीं' अशा अर्थाची एक ओळ निघे. ही ओळ कार्यक्रम लिहिणाऱ्याच्या यंत्रावर एका लहानशा खिडकींत दिसे. गिऱ्हाईकाच्या यंत्रावर ती कोणाच्याच दृष्टीस पडत नसे.

आमच्या मंडळींत एक मुलगा नवा होता, जेमतेम वर्षभराचा. कामसू, मितभाषी, आणि अक्षराइतकाच विचारानेंहि नीटनेटका. जुन्या कार्यक्रमांतील कांहीं नांवें ओबडधोबड होतीं, तीं नीट कर, असें आम्हींच त्यास सांगितलें. त्यानें तीं केलीं. घंटा वाजविण्याच्या कामाचें नांवहि त्यानें बदललें. परंतु गांठीच्या ओळींत जुनेंच नांव राहून गेलें. काम झाल्यावर तो आमच्या टेबलापाशीं आला. आम्हीं कार्यक्रम चालवून पाहिला. खिडक्या उघडल्या, आंकडे दिसूं लागले. खालच्या लहान खिडकींत इशाऱ्यांच्या तीस-चाळीस ओळी धांवत गेल्या. त्या नेहमींच जात. त्यांतल्या बहुतेक निरुपद्रवी असत. त्यांत ती एक ओळ आम्हांस दिसली. आज इतक्या वर्षांनंतर आम्ही शपथेवर सांगतों कीं ती आम्हांस दिसली होती. आमच्या मनांत आलें, हें नंतर पाहूं. आणि आम्ही त्यास म्हणालों, "ठीक आहे, धाडून दे."

तीन आठवड्यांनंतर एके रात्रीं कोठाराचें शीतयंत्र बंद पडलें. उष्णता चढली. पहारा करणाऱ्या वस्तूनें आपली हांक इमानानें दिली. रिकाम्या खोलींतल्या पडद्यावर तांबडी पट्टी लागली. वहींत मिनिटामिनिटाची नोंद झाली. फक्त घंटा वाजली नाहीं. सकाळीं माणसें आलीं तेव्हां त्यांनीं पट्टी पाहिली, वही पाहिली, आणि सारा माल टाकून दिला. त्यांतलें कांहीं कोणाच्या अंगांत गेलें नाहीं, एवढेंच दैव. पण ज्यांच्यासाठीं तो माल होता त्यांस तो त्या आठवड्यांत मिळाला नाहीं, आणि नुकसान आमच्या कंपनीनें सोसलें.

चौकशी झाली. गांठीची ओळ कोणासहि वाचतां येण्यासारखी होती. दोष शोधावयास पाव तासहि लागला नाहीं. वरिष्ठांनीं विचारलें, "नांव कोणीं बदललें?" तो मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "मीं." आम्ही त्याच्या शेजारींच बसलों होतों. आम्हीं काय बोलावयास पाहिजे होतें हें वाचकांस सांगावयास नको. आम्हीं एवढेंच सांगितलें कीं, पोर नवें आहे, त्यास संभाळून घ्यावें. ऐकणारांस तें थोर मनाचें वाटलें असेल. खरें पाहतां तो भ्याडपणा होता. त्याची नोकरी गेली नाहीं, परंतु तो कायम होण्याचें सहा महिने लांबलें, आणि त्याच्याकडे सारे ज्या नजरेनें पाहूं लागले ती त्यास सोसवली नाहीं. दोन महिन्यांनीं तो काम सोडून गेला. जातांना तो आम्हांस वांकून नमस्कार करून गेला.

डिसेंबर २०१२ मध्यें क्यूटीची पांचवी आवृत्ति निघाली. तींत गांठ मारण्याची नवी रीत आली; तिच्यांत अक्षरांच्या जागीं खुद्द कामाचाच निर्देश करतात, आणि नांव चुकलें तर कार्यक्रम तयारच होत नाहीं. आमच्या हातून घडली ती चूक त्या रीतीनें अशक्य झाली. ती वाचून आम्हांस आनंद व्हावयास पाहिजे होता. परंतु आमच्या मनांत आलें तें हेंच कीं, यंत्रानें आपला दोष सुधारला, आमचा तसाच राहिला. शिवाय जुन्या रीतींतसुद्धां गांठ बसली कीं नाहीं हें कनेक्टची क्रिया परत सांगत असे. तें उत्तर घेऊन पाहणें आमच्या हातांत होतें. एका ओळीचें काम. तें आम्हीं केलें नव्हतें.

निवृत्त झाल्यावर मनुष्यास जुनीं देणीं आठवूं लागतात. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं त्या मुलाचा पत्ता मिळविला. आतां तो परदेशांत एका मोठ्या जागेवर आहे आणि त्याच्या हाताखालीं पुष्कळ माणसें आहेत. आम्हीं त्यास पत्र लिहिलें. ती ओळ आम्हांस दिसली होती, चौकशींत आम्ही बोललों नाहीं, आणि त्यासाठीं क्षमा मागतों, एवढेंच लिहिलें. पत्र धाडल्यावर आठ दिवस उत्तर नव्हतें. हांक मारून उंबरठ्यावर उभें राहणें म्हणजे काय असतें, याचा त्या आठ दिवसांत आम्हांस चांगला अनुभव आला.

नवव्या दिवशीं उत्तर आलें. त्यांतला महत्त्वाचा भाग असा होता:

"आदरणीय सर, ती ओळ तुम्हांस दिसली होती हें मला तेव्हांच ठाऊक होतें. मी तुमच्या खुर्चीमागें उभा होतों. ती मलाहि दिसली होती. मला ती खटकली. पण तुम्ही कांहीं बोललां नाहीं, तेव्हां ती महत्त्वाची नसेल असें मीं धरून चाललों. चौकशींत मी गप्प राहिलों, कारण पाहूनहि न बोलणारा मीहि होतोंच. तुमच्यावर मीं कधीं राग धरला नाहीं. मात्र तेव्हांपासून माझ्या हाताखालच्या मुलांस मी एक गोष्ट सांगत आलों आहें: मी गप्प आहें याचा अर्थ सारें ठीक आहे असा घेऊं नका, मला विचारा."

हें वाचून आम्ही किती तरी वेळ तसेच बसून राहिलों. आजवर आमची समजूत अशी होती कीं, आमचा अपराध न बोलण्याचा, म्हणजे कांहीं न करण्याचा. परंतु वडीलधाऱ्याचें मौन हें कांहीं न करणें नव्हे. तीहि एक हांकच असते, आणि तिला लहानांच्या मनांत आपोआप गांठी बसलेल्या असतात. आमच्या गप्प बसण्यांतून त्या मुलानें "सारें ठीक आहे" ही हांक ऐकली, आणि तिच्याप्रमाणें तो वागला. ती गांठ आम्हींच त्यास वर्षभर शिकवून बसविली होती.

सौभाग्यवतींनीं पत्र वाचलें आणि विचारलें, "मग त्या चौकशींत विचारावयास काय पाहिजे होतें?" आम्ही म्हणालों, "नांव कोणीं बदललें, हें नव्हे. घंटा वाजते कीं नाहीं हें कोणीं पाहिलें, हें विचारावयास पाहिजे होतें." आणि या प्रश्नाचें उत्तर देण्याचा अधिकार त्या खोलींत फक्त आमचा होता.

आतां घरांत माणसें थोडीं. आम्ही दोघें, मुलगा, सून आणि नात. पानें वाढल्याची हांक आतां फोनवरील गटांत एका ओळीनें येते. ती वाचली गेल्याची खूणहि उमटते. तरीहि ओळ आल्यावर आम्ही लागलीच पानावर बसत नाहीं. नात कानांत यंत्रें घालून अभ्यास करीत असते. तिच्या खोलीशीं जाऊन, खांद्यावर हात ठेवून, तिला घेऊन येतों. सून हंसून म्हणते, "बाबा, मीं तिला कळविलें आहे." कळविलें असेलच, त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. आम्ही आपले पाट मोजतों.